अर्धवट हेमकांत

ब्रश पुन्हा लाकडासारखा झाला होता. रुचिकाने त्याचे केस बोटाने वाकवून पाहिले, मग सासूकडे पाहिलं.

धनुबाई दादर ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बोका वना व्हता. ब्रश पाण्यातून काढीसन उन्हामा ठेई गया."

"बोका?"

"मंग! त्याले बी चित्र काढानी हौस."

रुचिका हसली नाही, रागावलीही नाही. ॲक्रिलिकचा रंग एकदा ब्रशच्या मुळाशी वाळला, की साबणाने घासा नाहीतर नवस बोला, केस मोकळे होत नाहीत. हे आता धनुबाईलाही पाठ झालं होतं. म्हणून तर सून चुलीपाशी अडकली, की ती रंगात भरलेला ब्रश हळूच ओट्यावर नेऊन ठेवायची. भर उन्हात.

धनुबाईचा मुलगा, रुचिकाचा नवरा हेमकांत, जाऊन वर्ष होत आलं होतं. भिंतीवर त्याचा फोटो होता, पण आधार कार्डावरून मोठा केलेला. त्यात बिचारा चोरी करताना सापडल्यासारखा दिसायचा. रुचिकाचे वडील नवनीतआबा तिला कायमची न्यायला म्हसावदहून आले, तेव्हा ती म्हणाली होती, "आबा, त्यासनं एक चांगलं चित्र काढस. ते पुरं व्हयनं का मी येस."

त्याच दिवशी धनुबाईने ठरवलं, चित्र पुरं होऊच द्यायचं नाही. कोरीटच्या त्या घरात आता दोघीच. ही गेली, की बोलायला भिंतच उरणार.

कधी ब्रश कडक व्हायचा, कधी डबीचं झाकण उघडं राहून रंगावर साय धरायची. बोका फार बदनाम झाला. सहा महिने झाले, हेमकांतचा एक कान आणि डावा डोळा काही उमटेना.

मग एका दुपारी धनुबाईने पाहिलं. रुचिका मोरीपाशी बसून कडक ब्रश कोमट पाण्यात चोळत होती. आणि रडत होती. आवाज न करता.

धनुबाई दारातूनच मागे फिरली. पंचविशीची पोर. तिला जायचंय, आणि आपण दावं लावून ठेवलंय.

त्या दिवसापासून बोका सुधारला. धनुबाई स्वतः ब्रश धुवायला लागली. साबण लावायची, तळहातावर गोल फिरवायची, बोटांनी टोक काढून आडवा सुकवायची. तरी चित्र पुढे सरकेना.

"अजून कान ऱ्हायना शे, आई."

भीड पडतेय पोरीला, धनुबाईला वाटलं. आपल्या तोंडाने कशी म्हणेल, जाते म्हणून? शेवटी तिनेच म्हसावदला फोन लावला. "आबा, चित्र व्हयनं. या, तुमनी पोरले लई जा."

"आई, पण डोळा..."

"ऱ्हाऊ दे. तो बी एक डोळा मिचकाईसनच हासे." धनुबाई खोटं हसली. "आते जाय, माय. माले तुन्हा रंगासना वास सोसत नही."

 आबा आले, तशी रुचिका वाकून पाया पडली आणि वडिलांच्या गाडीत जाऊन बसली. चित्र तिने नेलं नाही.

गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर धनुबाई सुनेच्या खोलीत अंथरूण गोळा करायला गेली. गोधड्यांची चळत पुढे ओढली, तर मागे भिंतीला टेकवून कॅनव्हास ठेवलेले. तिने एकेक वळवला.

सात हेमकांत. सातही पुरे झालेले, दोन्ही कान, दोन्ही डोळे.