विमानाच्या विरुद्ध

भोपाळच्या टाउनशिपमधल्या गणेशोत्सवात यंदा वादसभा होती: हवामान बदलतंय म्हणून विमानप्रवास सोडावा का? नीळकंठराव ‘सोडावा’ म्हणायला उभे राहिले आणि विश्वासरावांच्या मनात पाल चुकचुकली. दोघांचाही जन्म इथल्या कारखान्यात, कोळशाच्या वीजकेंद्रांसाठी टर्बाइनं बनवण्यात गेलेला. तापमानवाढ म्हणजे गोऱ्यांचं थोतांड, असं गेल्या गणपतीपर्यंत हेच नीळकंठराव सांगत फिरायचे. आणि आज? घाम पुसत, आवाज चढवून विमानांच्या धुरावर तुटून पडले होते. मंडळाच्या अध्यक्षपदावर डोळा असणार, दुसरं काय!

पंडालबाहेर चपला शोधताना विश्वासरावांनी त्यांना गाठलंच. “खरं सांग नीळकंठ, तुला हे सगळं पटतं?”

“पटवून घेतोय रे.” नीळकंठराव खाली बघतच म्हणाले. “आमचा हेमंत जर्मनीहून येत नाही. म्हणतो, बाबा, पृथ्वीसाठी मी विमान सोडलंय.”

विश्वासराव हसले. “आणि तू विश्वास ठेवलास? अरे, थोतांड आहे सगळं!”

“थोतांड असेल,” नीळकंठराव म्हणाले, “तर मग तो का येत नाही?”