लांब दमाचा गडी

“आमोदला आपल्याकडं घेऊ या,” निषाद म्हणाला, तशी मैदानाच्या रेघा मारणाऱ्या दत्तारामच्या हातातली फक्की तिथेच थांबली.

आमोद म्हणजे महाडचा हुकमी गडी. तालुक्याचा कबड्डीचा चषक वर्षानुवर्षं त्याच्याच संघाकडे जायचा, आणि वरंधच्या वरची ही वाडी अंतिम सामना हरून टेम्पोच्या हौद्यात मान खाली घालून परत यायची. वाडीकडे पकडीला दत्ताराम होता. चढाईला मात्र एकटा निषाद.

“त्याला कशाला?”

“दोघं मिळून खेळलो तर कोण अडवतोय आपल्याला? मी एकटा किती वेळा जाऊ रे?”

“आजवर जात आलास नं?”

“एकदा तरी चषक हातात घ्यायचाय, दत्ता. यंदाच.”

दत्ताराम हसला. “यंदा नाय तर पुढल्या साली. उसना गडी आणून जिंकायचं आणि देवळात चषक ठेवायचा? मोठे गडी एका बाजूला गोळा केले की तो खेळ नाय राहत, दांडगाई होते.”

दत्ताराम तत्त्वाचा माणूस. आणि तत्त्वाच्या माणसांची एक खोड असते, बोलताना ती समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाहीत. तो खाली वाकून पुन्हा रेघ मारू लागला. निषाद वाट उतरून गेला.

दिवाळीनंतर बातमी आली. निषादने महाडात, रंगाच्या कारखान्याजवळ खोली घेतली. कामाला तो तिथेच होता, त्यामुळे खोलीचं कुणाला काही वाटलं नाही. पण पाठोपाठ कळलं, की तो आमोदच्या संघातून खेळणार.

राहीबाईच्या टपरीवर मग दुसरा विषयच उरला नाही.

“मला गेल्या पावसाळ्यातच वास आला होता,” महादू म्हणाला. “चढणीला प्रत्येक वळणावर बसून चपलेचा अंगठा नीट करायचा. वाडी नकोशी झाली की चपलापण टोचतात.”

“शहर लागलंय अंगाला. चढण झेपत नाय आता साहेबांना.”

सगळे हसले. दत्ताराम हसला नाही. एका ताटात जेवलेला, एका आंब्यावरून पडलेला मित्र चषकासाठी पलीकडे गेला, हे त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. रात्री त्याला जेवण जाईना. बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसला.

शिमगा आला. पालखी देवळाबाहेर निघताना शंख फुंकायचा मान वाडीत नेहमी सगळ्यात लांब दमाच्या गड्याचा. मिसरूड फुटल्यापासून तो निषादचाच होता. त्याचा शंख खालच्या वरंधपर्यंत ऐकू जायचा. यंदा त्याने निरोप धाडला, कारखान्यात पाळी आहे, जमणार नाही. शेवटी महादूने कसाबसा शंख वाजवला.

“येईल तरी कुठल्या तोंडानं?” लोक म्हणाले. दत्तारामलाही तेच वाटलं.

अंतिम सामना महाडच्या मैदानावर, वाडी विरुद्ध आमोदचा संघ. सगळा वेळ चढाया आमोदच करत होता. निषाद कोपऱ्यात उभा. असा एवढा गडी नुसता उभा ठेवायला नेला, म्हणून वाडीची पोरं त्याला चिडवत होती. शेवटाला मात्र गुण बरोबरीत आले, आमोद बाद होऊन बाहेर बसला, आणि निषादला यावंच लागलं.

“कबड्डी, कबड्डी, कबड्डी...”

दत्तारामने झेप घेऊन त्याचा घोटा धरला. धरला खरा, पण या गड्याला धरणं म्हणजे काही नव्हे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. चार जण अंगावर घेऊन, तोंडाने कबड्डी चालू ठेवत निषाद मधली रेघ गाठायचा. आता तर ती हातभरच लांब होती. दत्तारामने दात आवळले.

आणि कबड्डी थांबली.

पंचांनी शिट्टी मारली. वाडीची माणसं मैदानात घुसली, दत्तारामला कुणीतरी खांद्यावर घेतलं. वरून त्याला निषाद दिसला. मातीत तोंड घालून तो तसाच पडून होता, पाठ हलत होती. रडत होता. त्या क्षणी दत्तारामच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्याचेही डोळे भरून आले. दम सुटला नव्हता, निषादने तो सोडला होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीने दत्तारामला महाडला धाडलं. पिशवीत देवळातला शंख होता.

निषाद दारातच खाटेवर बसला होता. त्याची बायको अंबिका आत स्टोव्ह पेटवत होती.

“चुकलो मी,” दत्ताराम खाली बसत म्हणाला. “दिवाळीपासून नाय नाय ते मनात आणलं. चषक तू दिलास आम्हाला.”

“असं वाटलं तुला?” निषादने विचारलं.

“अख्ख्या वाडीला वाटलं.”

“मग असू दे तसंच.”

“असू दे कसं? आज चषक देवळात ठेवायचाय. मान तुझाच. तू वर यायचंस, आणि आधी इथं एकदा वाजवायचास, माझ्यासमोर. किती दिवसांत ऐकला नाय रे.” त्याने शंख पुढे केला.

“भावजी,” अंबिका लगबगीने बाहेर आली, “चहा घ्या आधी. शंखाचं बघू मागनं.”

“राहू दे गो,” निषाद तिला म्हणाला.

त्याने शंख हातात घेतला, सदऱ्याच्या बाहीने पुसला. दत्तारामचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. निषाद त्या चेहऱ्याकडे बघत हसला आणि त्याने शंख ओठांना लावला.

शंखातून नुसता वारा आला, आणि तोही अर्ध्यावर संपला.