गाडीतून उतरायचं नाही

"आफ्रिकेत भीतीला जागा नाही," अंबोकिलेने स्टिअरिंगवर थाप मारून जाहीर केलं, आणि मग कशाकशाला भ्यायचं ते सांगायला घेतलं. नळाच्या पाण्याने चूळसुद्धा भरायची नाही. स्वतः सोललेलं नसेल ते फळ खायचं नाही. अंधार पडला की लांब बाह्या. निळे कपडे तर नकोतच, त्सेत्से माशी निळ्यावर धावते.

हालिनाबाई पोलंडहून नखशिखांत निळ्या आल्या होत्या. त्या मुकाट्याने मुक्कामावरची चादर गुंडाळून बसल्या.

"आणि काहीही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही."

हे वाक्य खरं तर मागे बसलेल्या म्वाईपोपोंसाठी होतं. ते अभयारण्याचे मुख्य वाटाडे, आणि आज अंबोकिलेची परीक्षा. पास झाला तर छातीवर बिल्ला, नापास झाला तर पुन्हा इरिंगाच्या बाजारात कांद्याची पोती. मागच्या उमेदवाराने उडालेली टोपी उचलायला एक पाय खाली टेकवला होता. तो आता पोतीच उचलतो.

रुआहा नदीच्या काठी एक हत्तीण कान पसरून अंगावर आली. अंबोकिलेने इंजिन बंद केलं आणि जांभई दिली. हत्तीण ओशाळून परत फिरली. म्वाईपोपोंनी मान डोलावली. हालिनाबाईंच्या दातांत चादरीचं टोक होतं.

पुढे वळणावर बाभळीची एक फांदी उघड्या खिडकीतून आत डोकावून गेली. पलीकडे गवतात सिंहीण पहुडली होती.

"तिच्या डोळ्यांत बघू नका," अंबोकिले सांगू लागला, आणि मध्येच थांबला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. ब्रेक लागला. दार उघडलं. तो खाली उतरला.

"अरे लेका, चढ वर!" म्वाईपोपो ओरडले. "सिंहीण आहे! बिल्ला विसर आता!"

"बिल्ला राहू द्या, बाबा. तुम्ही तेवढं स्टिअरिंगकडे बघा."

म्वाईपोपो पुढे वाकले. त्यांनी पाहिलं. आणि वयाला न शोभणाऱ्या चपळाईने तेही उतरले.

हालिनाबाई गाडीत एकट्या उरल्या. जन्म जंगलात काढलेली दोन माणसं सिंहिणीकडे पाठ करून उभी राहतात, म्हणजे आत काय असेल? त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि एक डोळा उघडला.

स्टिअरिंगवरून वीतभर हिरवा घोयरा सरडा झुलत झुलत चालला होता. एक डोळा पुढे, एक मागे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात; याने फारच मजल मारली होती. काठी घेऊन सिंहामागे धावणाऱ्या म्हाताऱ्या आमच्या इरिंगाकडे आहेत. पण घोयरा म्हणजे साक्षात अपशकुन; याला हात लावणारं माणूस अजून जन्मायचं आहे.

गवतात सिंहीण उठून बसली.

"बाबा, मी पास की नापास?"

"आत गेलो तर सांगतो."

म्वाईपोपोंनी घसा साफ केला आणि शक्य तितक्या सरकारी आवाजात म्हणाले, "बाई, तेवढं त्याला बाहेरच्या फांदीवर ठेवता का? खिडकीतूनच हं. उतरायचं नाही."