वरचा ड्राइव्ह, खालचा ड्राइव्ह

"नवे ड्राइव्हच खराब आलेत. परत पाठवू," कानविंदे साहेब वैतागून म्हणाले. रुग्णालयाच्या नोंदींचा बॅकअप टेपवर घेणारे दोन्ही ड्राइव्ह आम्ही सोमवारी बदलले होते. तेव्हापासून यंत्राचा हात टेप व्यवस्थित नेऊन बसवायचा आणि स्क्रीनवर यायचं, 'टेप नाही'. सर्व्हर बसला असता तर पेशंटच्या नव्या नोंदी गेल्याच होत्या.

स्क्रीन नीट दिसावी म्हणून साहेबांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं होतं आणि ते माझ्या खुर्चीत बसले होते. सुलभामावशी चहा ठेवून गेल्या. मी घोट घेतला, तर बिनसाखरेचा. साहेबांना मधुमेह आहे. मावशी सवयीने, वर न बघता, खुर्चीप्रमाणे कप ठेवून गेल्या होत्या.

मी तशीच उठले आणि केबल पाहिल्या. ड्राइव्ह बसवताना आमच्याच हातून केबलची अदलाबदल झाली होती. टेप जायची वरच्या ड्राइव्हमध्ये आणि सॉफ्टवेअर तिला शोधायचं खालच्यात. केबल आपापल्या जागी लावल्या. बॅकअप सुरू झाला.

"साहेब, आपले कपही बदललेत," मी म्हणाले.

"हो का?" रिकामा कप खाली ठेवत साहेब म्हणाले. "तू उद्याही त्याच खुर्चीत बस."