मॅडमची पाठराखीण

“मादी दिसते,” कोंडाजी म्हणाला. तो शेपटी उचलून बघत होता आणि मॅडमला ते बिलकुल आवडलेलं नव्हतं.

सुशांतने मान खाली घातली. आधीची पाच घरं याच वाक्यावर हातची गेली होती. हिरकणीवाडीच्या झुणका-भाकरवाल्याने तर तोंडावर सांगितलं होतं, नर असता तर आजच बांधला असता, मादी म्हणजे वर्षाला सहा पिल्लं. आता कापड्यातलं हे शेवटचं घर. रविवारच्या आत कुत्री गेली नाही तर खोली रिकामी करा, असं बिरवाडीच्या घरमालकाने बजावलं होतं. आठ महिन्यांच्या मॅडमने त्याच्या बायकोचे गच्चीवर वाळत घातलेले पापड खाल्ले होते आणि उरलेल्यांवर मुतली होती. एवढ्या पापडांनंतर दुसरं काय होणार?

“मादीच बरी,” कोंडाजी म्हणाला. “नर गावभर हिंडतो. मी बी हिंडायचो.”

सुशांतचा जीव भांड्यात पडला. तो दोरी पुढे करणार, तेवढ्यात मागून आई म्हणाली, “थांब रे. अशी कशी देतोस?”

आनंदीबाईने पदर सारखा केला आणि कोंडाजीच्या ओटीवर बसकण मारली. नवरा गेल्यावर सुशांतने तिला गावाहून बिरवाडीला आणलं होतं. तो कारखान्यात पाळीला गेला की ती दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीकडे बघत बसायची. सारा जन्म भातशेतीत गेलेली बाई. तिचा तिथे जीव गुदमरायचा आणि सुशांतला ते कळायचं. म्हणून त्याने तिला सोबत म्हणून हे पिल्लू आणलं. पिल्लू मात्र दिवसभर सुशांतच्या चपलेवर डोकं ठेवून त्याचीच वाट बघायचं.

“जमीन किती?” आनंदीबाईने विचारलं.

“दीड एकर. भात.”

“पानी?”

“हीर हाय.”

“घरात कोन?”

“मी आन थोरली बहीन, बनुबाई. बायको जाऊन सा वर्सं झाली. पोरगे मुंबयला.”

“दारू?”

कोंडाजीने आढ्याकडे बघितलं. “शिमग्याला.”

“नुस्ती शिमग्याला?”

“आन कुनी पाजली तर.”

सुशांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. द्यायची होती कुत्री आणि आई स्थळ बघत होती. तिने चूल बघितली, गोठा बघितला. मग मागच्या शेतात गेली. तिथे भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला शेण आणि वाळक्या पातेऱ्याचा राब रचलेला होता. पातेरा पातळ पडलाय, असा भाजलास तर रोप पिवळं येईल, असं तिने कोंडाजीला त्याच्याच जमिनीत उभं राहून सुनावलं. कोंडाजीने निमूट मान हलवली. साठ वर्षांत त्याने कुणाचं एवढं ऐकून घेतलं नव्हतं, बायकोचंसुद्धा नाही.

“पसंत हाय,” ती परत येऊन म्हणाली. “पन पोरीला एकटी सोडायची नाय. नवरीसंगती पाठराखीन जाते ना, तशी मी ऱ्हाते चार दिस.”

“अगं आई, कुत्री आहे ती.”

“म्हनून तिला रीतभात नको?”

सुशांत लोक काय म्हणतील याचा विचार करू लागला. पण घरात बनुबाई होतीच. तिला ऐकू येत नव्हतं आणि दिसायचंही बेताचंच, त्यामुळे लोकलाजेची परस्पर सोय झाली. तो एकटाच बाईकवरून बिरवाडीला परतला. घरमालकाने त्याला बोलावून चहा पाजला.

चार दिवसांनी त्याने फोन केला. “पोर अजून बुजतेय,” आई म्हणाली. आठव्या दिवशी म्हणाली, “राब भाजून होऊ दे.” बाराव्या दिवशी तिच्या मागे कुणीतरी पुरुष खो खो हसत होता.

“जेवते का नीट?” सुशांतने विचारलं.

“कोन?” आई म्हणाली.

त्याला मेसचा डबा नकोसा झाला होता. पाळी संपवून आला की आता तोच भिंतीकडे बघत बसायचा. आईची फार आठवण यायची. पण सव्वीस वर्षांच्या बाप्याने असलं काही फोनवर बोलायचं नसतं.

पंधराव्या दिवशी दारात मिनीडोर रिक्षा थांबली. कोंडाजी उतरला. दाढी गुळगुळीत, केस काळेकुळकुळीत, अंगात इस्त्रीचा शर्ट. हातातल्या दोरीला मॅडम. तिने दोरीला हिसडा देऊन सुशांतच्या अंगावर उडी घेतली आणि त्याचं तोंड चाटून काढलं. घरमालक गॅलरीत येऊन उभा राहिला. सुशांतने वाकून गाडीत बघितलं. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

“काका, आई कुठाय?”

कोंडाजी नव्या नवरदेवासारखा लाजला. त्याने फोन लावला आणि सुशांतच्या हातात दिला.

“मॅडमला परत धाडलीय रे,” आई म्हणाली. “तिला हितं करमंना. रोज रस्त्याकडं तोंड करून बसते, घास खात नाय. मनाविरुद्ध कुनाला नांदवू नये.”

“बरं. आणि तू कधी येतेस?”



“मला करमतंय रे.”