गेटजवळचा एक्स्टेंडर

"पासवर्ड फार सोपा आहे. दुसरा द्या." नव्या राउटरने पुन्हा तेच सांगितलं आणि हर्षिताने फोन सोफ्यावर आपटला.

"अण्णा, जुना पासवर्ड हा घेतच नाही."

"कालपर्यंत तर घेत होता," तिचे वडील पेपरमधून डोकं न काढता म्हणाले.

कालपर्यंत इंटरनेटची कंपनी जुनी होती. तिचं नेट ऐन कामाच्या वेळी मान टाकायचं, म्हणून हर्षिताने वैतागून कंपनी बदलली. सकाळी नव्या कंपनीचा माणूस राउटर लावून गेला. नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या मॅडम, तुमचे एक्स्टेंडर आपोआप लागतील, असं छातीठोकपणे सांगून गेला. बोलायला त्याच्या बापाचं काय जातंय! वायफाय लांबवर पोचवणारे घरातले तिन्ही एक्स्टेंडर तेव्हापासून लाल दिवे लावून बसले होते. एक जिन्यात, एक अम्माच्या खोलीत आणि एक बाहेर व्हरांड्यात, गेटजवळ.

उद्या सकाळी हर्षिताला परदेशातल्या ग्राहकांपुढे काम सादर करायचं होतं. मागच्या वेळी तिचा कॉल मध्येच तुटला, तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर घरून काम बंद. म्हणजे जयनगरहून रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरच्या ऑफिसात जायचं आणि अर्धा जन्म रिंग रोडवर काढायचा. इकडे अम्माचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. हर्षिताच्या खांद्याशिवाय ती न्हाणीघरापर्यंतही जाऊ शकत नव्हती.

हेल्पलाइनवर बराच वेळ सनई ऐकवून झाल्यावर एक बाई म्हणाली की जुना पासवर्ड चालवता येईल, पण त्यासाठी माणूस पाठवावा लागेल. सोमवारी.

"मग सोमवारी करू की," अण्णा म्हणाले. "स्वल्प दम धर."

"माझी मीटिंग उद्या आहे, अण्णा! नवं नाव देते, नवा पासवर्ड देते, एक्स्टेंडर नव्याने जोडते. आणि गेटजवळचा वर माझ्या खोलीत नेते."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "तो तिथेच राहू दे."

"का? गेटपाशी नेट कोणाला लागतं? कावळ्यांना?"

"मी संध्याकाळी बसतो तिथे."

"मग हॉलमध्ये बसा!"

अण्णांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. हर्षिताला मनस्वी राग आला. आयुष्यभर या माणसाने असंच केलं. कारण सांगायचं नाही, नुसतं अडून बसायचं. धाकट्या भावाच्या, अपूर्वच्या वेळीही तेच. त्याने बँकेतली नोकरी सोडून शहराबाहेर आनेकलला बिर्याणीचं हॉटेल काढलं, तेव्हा या वैष्णवाच्या घराची कौलं उडायची बाकी राहिली होती. अपूर्व बॅग घेऊन गेला. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव निघालं नव्हतं आणि तो हर्षिताचेही फोन उचलत नव्हता.

"नाही तरी हे सगळं त्यानेच लावलेलं," ती तोंडातून जाऊ नये ते बोलून गेली. "बदललं तर तुम्हाला बरंच वाटायला हवं."

अण्णा उठून आत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "सरी, ठीक आहे. तुझं काम महत्त्वाचं."

मग हर्षिताने सेफ्टी पिन घेऊन एकेक डबडं रिसेट केलं. एक जोडलं की दुसरं सुटायचं. अम्मा पलंगावरून "अगं, जेवून तरी घे" म्हणत राहिली. पण शेवटी तिन्ही दिवे हिरवे झाले. नाव नवं, पासवर्ड नवा, आणि गेटजवळचा एक्स्टेंडर तिच्या टेबलाशेजारी.

शुक्रवारची मीटिंग झकास झाली. कॉल एकदाही अडखळला नाही. साहेब खूश, अम्मा खूश. हर्षिता आता घरीच राहणार होती.

शनिवारी संध्याकाळी ती कॉफी घेऊन बाहेर आली. अण्णा व्हरांड्याच्या पायरीवर फोन हातात धरून बसले होते.

"दर शनिवारी असेच बसतात," अम्मा आतून म्हणाली. "कॉफी थंड करतात नुसती."

"हर्षिता," अण्णांनी विचारलं, "कोणाकोणाचा फोन वायफायला लागलाय ते दिसायचं बघ, ते जुन्या ॲपमध्ये आता काहीच येत नाही."

"आता माझ्या फोनवर दिसतं. हे बघा. माझा, तुमचा, अम्माचा."

"एवढेच?"

"एवढेच. बाहेरचं कोणी घुसूच शकत नाही आता."

अण्णांनी मान हलवली. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे कोणाची तरी स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली. कॉफीला त्यांनी हात लावला नाही.

थोड्या वेळाने हर्षिताचा फोन वाजला. अपूर्व! ती धावतच आतल्या खोलीत गेली.

"अरे, कुठे आहेस तू? किती फोन केले तुला!"

"सिग्नलला उभा आहे, अक्का." मागे हॉर्नचा गोंगाट होता. "दर शनिवारी मसाला न्यायला जयनगरला येतो. येतो तेव्हा आपल्या गेटबाहेर थांबतो जरा."

"मग आत का येत नाहीस?"

"धीर होत नाही. पण फोन आपोआप घरच्या वायफायला लागायचा. अण्णांना राउटरमधलं सगळं दिसतं, मीच शिकवलं होतं. त्यांनी मनात आणलं असतं तर कधीच बंद केलं असतं. केलं नव्हतं." मागचे हॉर्न वाढले. "आज लागला नाही."

"अपूर्व, ऐक, ते मी—"

"राहू दे, अक्का. तेव्हा अण्णा नुसते ओरडले होते. घराबाहेर काढलं ते आज."