बिनदाराची खोली

बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा सुतार दुसऱ्याच्या घरी दार बसवत होता. स्वतःच्या न्हाणीघराला मात्र बारा वर्षं नुसता पडदा. तिने विषय काढला की हा हसण्यावारी न्यायचा. शेवटी कटकट नको म्हणून त्याने गुलाबी डब्यातला, खास बायकांसाठीचा व्हिडिओ गेम आणून दिला होता.

"घे, हवं तसं घर सजव."

"अगदी हवं तसं?"

ती गेल्यावर महिन्याने त्याने तो गेम उघडला. घर देखणं होतं. मधोमध बिनदाराची एक खोली होती. आत तिने बनवलेला, हुबेहूब त्याच्यासारखा, कानावर पेन्सिल खोचलेला नवरा आगीत पेटला होता आणि किंचाळत भिंतीवर मुठी आपटत होता. पडद्यावर वर लिहिलं होतं, 'नवरा मेला : एकशे बारा वेळा.'



न्हाणीघराला दार बसवायचं अजून राहिलंय.